चार मीटरांच्या आत: परवडणाऱ्या छोट्या मोटारीची पार्श्वभूमी

मारुतीची डिझायर आणि ब्रेझा, टाटांची नेक्सॉन, ह्युंदाईची व्हेन्यू आणि आय-ट्वेंटी या गाड्यांच्या माहितीपत्रकांत लांबीचा रकाना पाहिला, तर सगळीकडे एकच आकडा आढळतो: ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरांना पाच मिलिमीटर कमी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या याच आकड्यापाशी येऊन थांबतात, त्याचे कारण आपल्या रस्त्यांची रुंदी किंवा पार्किंगची अडचण हे नाही. त्याचे कारण कर हे आहे. भारतातील छोट्या मोटारीची लांबी, तिच्या इंजिनाचा आकार, तिची किंमत आणि अपघातात ती माणसाला किती वाचवील हे सारे वेळोवेळी निघालेल्या सरकारी आदेशांनी ठरवले आहे. जो माणूस आज सहा-सात लाख रुपये हाताशी धरून नवी साधी हॅचबॅक (मागे वेगळी डिकी नसलेली छोटी गाडी) घ्यावी की चार-पाच वर्षे चाललेली जरा मोठी गाडी घ्यावी याचा हिशोब मांडत असेल, त्याला हे आदेश आणि त्यांच्या तारखा ठाऊक असणे माझ्या मते गाडीच्या रंगापेक्षा आणि टचस्क्रीनपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत ग्राहकापुढे निवड अशी नव्हतीच. १९५३च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केवळ सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे जागा उरली नाही, आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपले काम गुंडाळले. उरल्या तीन भारतीय कंपन्या. बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्स अ‍ॅम्बेसेडर बनवत असे, मद्रासमध्ये स्टँडर्ड हेराल्ड तयार होई, आणि मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट ११०० बनत असे. हीच फियाट सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली ही गाडी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने इतकी परिचित झाली की शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा मुंबईकरांना मनापासून हळहळ वाटली. त्या काळात तिन्ही कंपन्यांच्या गाड्या मिळून वर्षाला पन्नास हजारांचा आकडाही गाठत नसत. नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि स्वस्त गाडी ही कल्पना बराच काळ समित्यांच्या अहवालांतच राहिली.

ती कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न फसला. १९७१ मध्ये संजय गांधी यांनी स्थापन केलेली मारुती लिमिटेड बाजारात गाडी न आणताच बुडाली. सरकारने १९८० मध्ये तिची मालमत्ता ताब्यात घेतली, १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी उभी केली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार केला. सुझुकीचा आरंभीचा हिस्सा २६ टक्के होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, पुढच्या चाकांना मिळणारी ताकद आणि पन्नास हजारांच्या आसपासची किंमत या तिन्ही गोष्टी तेव्हा नव्या होत्या. थंडीच्या सकाळी पहिल्याच चावीला सुरू होणारी गाडी हा त्या काळच्या मध्यमवर्गाला केवढा दिलासा होता, हे ज्यांनी अ‍ॅम्बेसेडरला धक्के मारले आहेत त्यांनाच नीट समजेल.

मारुती ८०० ने जुन्या गाड्यांच्या बाजारालाही एक वळण दिले, आणि ते आजवर टिकून आहे. गाडीपेक्षा नोंदणी करणारे अधिक असल्याने सुरुवातीच्या वर्षांत गाडीचा नंबर लागलेला माणूस ती ताबडतोब वर पैसे घेऊन विकू शकत असे. वापरलेल्या गाडीला नव्या गाडीइतकीच, कधी त्याहून जास्त, किंमत येत असे. टंचाई पुढे संपली, पण गावोगावच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी, सुटे भाग कोठेही मिळणारी गाडी विकताना अधिक दर देते ही समजूत घट्ट झाली. ती निराधार नाही. २०१४ च्या आरंभी मारुती ८०० चे उत्पादन थांबले, तोवर तिच्या पंचवीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या, आणि इतक्या गाड्यांमागे मेकॅनिक, भंगारवाले व सुट्या भागांचे दुकानदार यांचे जे जाळे उभे राहते ते आठ-दहा हजार विकल्या गेलेल्या एखाद्या उत्तम गाडीच्याही वाट्याला येत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने जुनी गाडी घेताना हा विचार सर्वांत आधी करावा असे मला वाटते.

१९९३ मध्ये प्रवासी मोटारींच्या निर्मितीवरील परवाना पद्धत उठली आणि पाच वर्षांनी त्याची फळे एकदम दिसली. १९९८ या एकाच वर्षात ह्युंदाईची सँत्रो आली, देवूची मॅटिझ आली आणि डिसेंबरात पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका आली. इंडिका ही माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातील मोठी घटना आहे. तोवर ट्रक बनवणाऱ्या कंपनीने निसानचा ऑस्ट्रेलियातील बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, तो जहाजांतून आणून पिंपरी-चिंचवडला उभारला. गाडीचे रूप इटलीतील एका संस्थेच्या मदतीने आखले गेले आणि अ‍ॅम्बेसेडरसारखी ऐसपैस जागा छोट्या गाडीच्या किमतीत द्यायची हे उद्दिष्ट ठेवले गेले. नोंदणी सुरू होताच सुमारे १ लाख १५ हजार लोकांनी पैसे भरले. पहिल्या गाड्यांत दोष निघाले, तक्रारी झाल्या, आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आल्यावरच गाडीचा जम बसला. स्वस्त डिझेल आणि १,४०५ सीसीचे साधे इंजिन यांमुळे ती पुढे टॅक्सीवाल्यांची आवडती झाली, आणि त्यातूनच जुन्या बाजारात एक प्रश्न कायमचा विचारला जाऊ लागला: गाडी आधी टॅक्सी पासिंगची तर नव्हती ना?

चार मीटरांची रेघ मात्र २८ फेब्रुवारी २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ओढली गेली. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले आणि ‘छोटी गाडी’ म्हणजे काय याची व्याख्या करून टाकली: लांबी चार मीटरांपेक्षा अधिक नको, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत. आठ टक्क्यांचा फरक लहान नव्हता. कंपन्यांनी इंजिने त्या मापात बसवली आणि गाड्याही कापल्या. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची डिकी आखूड करून इंडिगो सीएस काढली. मारुतीने २०१२ मध्ये ४,१६० मिलिमीटरची डिझायर ३,९९५ वर आणली. डिकी असलेली पण मागून छाटल्यासारखी दिसणारी सेडान आणि चार मीटरांच्या आतली एसयूव्ही हे दोन्ही प्रकार या करातून जन्मले. डिझायरची जुनी, २०१२ पूर्वीची गाडी पाहायला गेलेल्याला तिच्यात सामान जास्त मावते असे आढळते, त्याचे कारण हेच.

याच सुमारास स्वस्ताईची शेवटची सीमा गाठण्याचा प्रयत्न झाला. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत रतन टाटा यांनी नॅनो दाखवली. मागे बसवलेले ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन आणि एक लाख रुपयांचा शब्द घेऊन ती आली. सिंगूरहून साणंदला हलवावा लागलेला कारखाना, त्यात गेलेला वेळ आणि ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का यांतून ती सावरली नाही. दुचाकीवर बसलेल्या चौघांच्या कुटुंबाला छप्पर देण्याची तिच्यामागची तळमळ खरी होती. परंतु कर्ज काढून आयुष्यातील पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबाला ती केवळ स्वस्त असून चालत नाही, दारात उभी असताना तिचा अभिमानही वाटावा लागतो, आणि हा भाग हिशोबात कमी धरला गेला.

सुरक्षिततेची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे घाई करू नये. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांना ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक देऊन पाहिले. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि एअरबॅग नसलेली पोलो या सर्वांना मोठ्या प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. तोवर आपल्याकडे गाडी विकण्यासाठी धडक चाचणीची अटच नव्हती. त्यानंतरच्या दहा वर्षांत नियम एकामागून एक आले आणि प्रत्येकाची तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. नव्याने बाजारात येणाऱ्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व मॉडेलांना ऑक्टोबर २०१९ पासून समोरून व बाजूने धडक चाचणी सक्तीची झाली. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीट बेल्टची व वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. चालकाशेजारच्या प्रवाशाची एअरबॅग जुन्या मॉडेलांसाठी डिसेंबर २०२१ च्या अखेरीस सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारांकन योजना सुरू झाली. तिच्यात गाडी पाठवणे मात्र कंपन्यांच्या इच्छेवर आहे.

म्हणूनच वापरलेली गाडी पाहताना आर.सी.वर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, निर्मितीचा महिना आणि वर्ष आधी वाचावे. नोंदणीची तारीख वेगळी असते. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये नोंदलेली असू शकते. २०१८ ची सर्वांत खालच्या श्रेणीतली हॅचबॅक आणि २०२२ ची तीच हॅचबॅक यांच्यात लाखभराचा फरक असेल, तर तो केवळ चार वर्षांच्या झिजेचा नसतो. त्यात एबीएस, दोन एअरबॅग आणि धडक चाचणीला टिकलेला सांगाडा यांचाही वाटा असतो. एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा ही धुराच्या प्रदूषणाची कडक मानके लागू झाली. ती पाळण्याचा खर्च छोट्या डिझेल इंजिनाला पेलवेना, त्यामुळे मारुतीने तेव्हाच डिझेल सोडले आणि आज छोटी डिझेल हॅचबॅक हवी असेल तर बहुधा जुनीच घ्यावी लागते. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेल्या बंदीमुळे तिकडील गाड्या कमी दरात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणताना तिकडच्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. लागते आणि येथील कर नव्याने भरावा लागतो. हे गणित विकणारा सहसा सांगत नाही.

कराची रेघ २०१७ मध्ये जीएसटी आल्यावरही तशीच राहिली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ती आणखी ठळक झाली. त्याच मापातल्या छोट्या गाड्यांवरील २८ टक्के जीएसटी आणि त्यावरील उपकर जाऊन १८ टक्के दर आला, तर मापाबाहेरच्या गाड्यांवर ४० टक्के लागला. नवी छोटी गाडी स्वस्त झाली की कालपर्यंत रास्त वाटणारी तीन वर्षांच्या गाडीची किंमत आज जास्त ठरते. या तारखेपूर्वी खरेदी केलेला मालक आपण भरलेल्या रकमेवरून दर सांगत असेल, तर घासाघीस नव्या गाडीच्या आजच्या ऑन रोड, म्हणजे कर व नोंदणीसह पडणाऱ्या, किमतीपासून सुरू करावी. त्या किमतीत महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा ११ टक्के एकरकमी कर धरावा लागतो. जुनी गाडी राज्यातल्या राज्यात घेताना तो पुन्हा द्यावा लागत नाही, आणि जुन्या गाडीचा हा फायदा पुष्कळ जण हिशोबात धरायला विसरतात.

कागदपत्रांबाबतचे नियमही उशिरा आणि अनुभवातून कडक झाले. गाडी विकण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो. पण कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी दलालाकडे सोपवायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावावर परस्पर टी.टी. (मालकीचे हस्तांतर) करायची ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. मधल्या काळात गाडी कोणाच्या ताब्यात होती याचा पत्ता नसे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घेणे आणि गाडी ताब्यात आल्याचे कळवणे बंधनकारक केले गेले, ते यासाठीच. त्याआधी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात २००७ साली विकलेली आणि पुढे आणखी काही हातांतून गेलेली मोटार २००९ मध्ये अपघातात सापडली होती. आर.सी.वर नाव पहिल्याच मालकाचे होते, आणि न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. कायद्याने विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत हस्तांतर कळवावे लागते. घेणाऱ्याने आपल्या नावाचे आर.सी. हाती येईपर्यंत व्यवहाराच्या रकमेतला काही भाग राखून ठेवला, तर ती मुदत सहसा पाळली जाते.