३२ इंची स्वस्त टीव्ही: कुणी म्हणतं एक नंबर, कुणी म्हणतं टुकार

ऑनलाइन ३२ इंची एचडी रेडी टीव्ही शोधायला बसलं की रिव्ह्यू वाचून डोकं चक्रावतं. एकाच मॉडेलखाली एक जण लिहितो "पिक्चर क्वालिटी एक नंबर, पैसे वसूल" आणि त्याच्या लगेच खाली दुसरा "थर्ड क्लास, सगळं धूसर दिसतं, कुणी घेऊ नका". मग आपल्याला वाटतं यातला कुणीतरी नक्की पैसे घेऊन लिहितोय. असतीलही तसले काही, पण बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात, टीव्ही तोच असतो, फक्त एक जण सोफ्यावर आठ-नऊ फुटांवरून एचडी चॅनल बघतोय आणि दुसरा बेडरूममध्ये चार फुटांवरून केबलचा साधा चॅनल बघतोय, आणि आपण कुठे बसतो आणि काय बघतो हे रिव्ह्यूत कुणीच लिहीत नाही.

आधी धूसरपणाचंच बघू. या टीव्हीच्या पॅनलवर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे एकूण साधारण साडेदहा लाख पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) असतात. आता या मापात कुठलाच चॅनल दाखवत नाही! साधा एसडी चॅनल येतो जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ मध्ये, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर, आणि एचडी चॅनल १९२० बाय १०८० मध्ये, म्हणजे वीस लाखांच्या वर. त्यामुळे टीव्हीला दर वेळी जुळवाजुळव करावीच लागते, एचडी आलं तर निम्मी माहिती गाळायची आणि एसडी आलं तर मधल्या जागा शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधून भरायच्या. म्हणजे साधा चॅनल लावला की पडद्यावरचे निम्म्याहून जास्त पिक्सेल टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरलेले असतात. त्यात एकाच लाइनमधून शेकडो चॅनल न्यायचे म्हणून सिग्नल आधीच दाबून दाबून बारीक केलेला, मग क्रिकेटच्या मैदानावरचं गवत हिरव्या चौकोनांसारखं दिसतं आणि लोक शिव्या मात्र टीव्हीला घालतात. जुन्या २१ इंची डब्यावर हाच सिग्नल बरा दिसायचा कारण पडदा लहान होता आणि त्याची चित्र काढायची पद्धतच मऊ होती, चुका झाकून जायच्या.

आता बसायच्या अंतराचं. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक वेगळं ओळखता येतं, त्याहून बारीक असेल ते एकमेकांत मिसळून जातं. ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंटीमीटर रुंद, त्यात १३६६ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरासा मोठा. हिशोब केला तर सहा फुटांच्या पलीकडे गेलं की हे पिक्सेल डोळ्याला सुटे दिसतच नाहीत. त्यामुळे हॉलमध्ये आठ-नऊ फुटांवर सोफा असेल तर ३२ इंचात फुल एचडीसाठी, म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यासाठी, जास्त पैसे मोजून विशेष काही मिळत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. पण हाच एचडी रेडी प्रकार ४३ इंचात स्वस्त मिळतोय म्हणून घ्याल तर फसाल, तिथे एक पिक्सेल जवळपास ०.७ मिलिमीटरचा होतो आणि पिक्सेल दिसेनासे व्हायला आठ फूट मागे सरकावं लागतं.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे "काळा रंग काळा दिसत नाही, राखाडी दिसतो" आणि तिसरी "बाजूने बघितलं की रंग उडतात". या दोन्ही तक्रारी एकाच टीव्हीबद्दल सहसा येत नाहीत, आणि त्याचं कारण पॅनलच्या आत आहे. एलईडी टीव्ही म्हणून जो विकतात तो खरं तर एलसीडीच, म्हणजे द्रवस्फटिकांचा पडदा, मागे उजेडासाठी एलईडी (छोटे दिवे) लावलेल्या असतात एवढंच. मागून पांढरा उजेड येतो, तो एका पोलरायझरमधून (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पापुद्र्यातून) जातो, मग द्रवस्फटिकांच्या, म्हणजे द्रवासारखं वाहणाऱ्या पण स्फटिकासारखी शिस्त असलेल्या पदार्थाच्या, अगदी पातळ थरातून, मग लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमधून आणि शेवटी दुसऱ्या पोलरायझरमधून. विजेचा दाब बदलला की द्रवस्फटिकाचे रेणू वळतात आणि कुठून किती उजेड जाऊ द्यायचा ते ठरतं. या सगळ्या अडथळ्यांतून मागच्या उजेडातला दहा टक्केसुद्धा आपल्यापर्यंत पोचत नाही. (हे द्रवस्फटिक पहिल्यांदा १८८८ मध्ये फ्रीडरिश रायनिट्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. तो गाजरातल्या कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थावर काम करत होता आणि त्याला असा पदार्थ सापडला जो एकदा १४५ अंशांच्या आसपास वितळून गढूळ व्हायचा आणि मग १७८ च्या पुढे परत एकदा बदलून स्वच्छ व्हायचा. टीव्ही वगैरे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.)

तर मुद्दा असा की द्रवस्फटिकांची ही उजेड अडवणारी दारं शंभर टक्के बंद होत नाहीत, थोडा उजेड गळतोच. पॅनलचे आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार असतात, त्यांत द्रवस्फटिकांची मांडणी वेगळी असते. आयपीएस प्रकारच्या पॅनलमध्ये पांढरा भाग काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो, व्हीए प्रकारात हेच तीन हजारपटीच्या पुढे जातं, म्हणून व्हीएचा काळा जास्त काळा. पण व्हीएकडे कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघा, चेहरे फिके पडतात, आणि आयपीएसमध्ये तसं फारसं होत नाही. स्वस्त ३२ इंचात दोन्ही प्रकार मिळतात, कधीकधी एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या लॉटमध्ये वेगळं पॅनल निघतं, त्यामुळे शेजाऱ्याचा टीव्ही बघून घेतलेला टीव्ही अगदी तसाच निघेल याची खात्री नाही. आणि ट्यूबलाइट चालू असताना काळ्या रंगातला हा फरक कुणाला कळतही नाही, कारण खोलीतला उजेड पडद्यावरून परावर्तित होऊन गळतीपेक्षा जास्त होतो. राखाडी काळ्याची तक्रार करणारा माणूस हमखास रात्री लाइट घालवून सिनेमे बघणारा असतो. घरात चार माणसं चार कोपऱ्यांत बसून टीव्ही बघणार असतील तर मी डोळे झाकून आयपीएस घेईन.

क्रिकेटमध्ये बॉलच्या मागे शेपूट दिसतं ही तक्रार आली की लोक लगेच "रिस्पॉन्स टाइम (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ) खराब" म्हणतात. ते थोडं खरं असतं, पण पॅनल कितीही चपळ असलं तरी शेपूट राहतंच. हा पडदा एक चित्र पुढचं चित्र येईपर्यंत तसंच धरून ठेवतो, सेकंदाला ५० चित्रं असतील तर प्रत्येक चित्र २० मिलिसेकंद जागेवर उभं, आणि आपला डोळा मात्र बॉलबरोबर सरकत राहतो, थांबत नाही. बॉल एका सेकंदात पडदा पार करत असेल तर तेवढ्यात डोळा २७ पिक्सेल पुढे गेलेला असतो, म्हणजे ३२ इंचावर जवळपास दीड सेंटीमीटरचं शेपूट. जुन्या डब्यात प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझायचा म्हणून हे जाणवायचं नाही. तेव्हा "आमच्या जुन्या टीव्हीवर बॉल स्वच्छ दिसायचा" म्हणणारे आजोबा चुकीचं बोलत नाहीत.

आवाजाबद्दल मात्र कुणाचंच दुमत नसतं, सगळे म्हणतात पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. स्पीकरचा आवाज जितका खालच्या पट्टीतला, तितकी जास्त हवा ढकलावी लागते, कंपनसंख्या निम्मी झाली तर तेवढाच मोठा आवाज काढायला चौपट. एवढ्याशा पातळ डब्यात ती जागाच नाही, शिवाय स्पीकरचं तोंड खाली, वर पंख्याची घरघर. खोक्यावर २० वॉट लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, १० चे २० वॉट झाले तर आवाजात फक्त ३ डेसिबलचा फरक पडतो, जेमतेम जाणवेल इतकाच. घरात जुने होम थिएटरचे स्पीकर पडून असतील तर जोडून टाका, नवीन टीव्ही घेण्यापेक्षा जास्त फरक पडेल.

पण रिव्ह्यू वाचताना सगळ्यात मोठी गडबड कशात होते तर तारखेत. बहुतेक लोक पहिल्या आठवड्यात लिहितात, खोकं उघडलं, भिंतीवर लागला, पिक्चर आलं, पाच स्टार. या टीव्हीचं खरं दुखणं दीड-दोन वर्षांनी बाहेर येतं, आणि तेव्हा लिहिलेल्या रिव्ह्यूत एक वाक्य परत परत भेटतं, "आवाज येतो पण चित्र येत नाही". अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च पडद्यावर जरा तिरकी मारून बघा, आत पुसटसं चित्र हलताना दिसलं तर पॅनल ठीक आहे, बॅकलाइट (मागचा उजेड) गेलीय. पडद्यामागे एलईडीच्या दोन-तीन पट्ट्या असतात आणि त्यातल्या एलईडी एकामागोमाग एक अशा सिरीजमध्ये जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यातली एक जळून सर्किट तुटलं तरी सगळा पडदा काळा. कधी एलईडीवरचं प्लॅस्टिकचं छोटं भिंग निसटतं, मग पडद्यावर पांढरा गोल डाग दिसतो, तोही पॅनलचा दोष नाही.

या एलईडी लवकर मरतात त्या उष्णतेने. शोरूममध्ये चमकायला हवा म्हणून टीव्ही येतो तोच व्हिव्हिड मोडमध्ये, बॅकलाइट पूर्ण वर, रंग भडक आणि निळसर, आणि घरी आल्यावर तो मोड कुणी बदलत नाही. सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणा, पहिले दोन दिवस मंद वाटेल, मग डोळ्याला सवय होते, करंट कमी जातो, एलईडी थंड राहतात आणि वीजही थोडी वाचते. ब्राइटनेस नावाचा पर्याय वेगळा असतो, बऱ्याच टीव्हींमध्ये त्याने काळ्या रंगाची पातळी बदलते, तो कमी करून एलईडीला काही आराम मिळत नाही. शार्पनेस मात्र बिनधास्त खाली आणा, अक्षरांभोवती पांढरी कड दिसते ती त्याचीच करामत.

आणि पट्टी गेलीच तर मेकॅनिक एकच गेलेली पट्टी बदलतो म्हणेल, तेवढ्यावर भागवू नका. पट्ट्यांपर्यंत पोचायला काचेचं पातळ पॅनल उचलून बाजूला ठेवावं लागतं, त्यात ते तडकलं की नव्या पॅनलचा खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा. बाकीच्या पट्ट्याही तितकेच तास जळलेल्या असतात, म्हणून पॅनल एकदा उचललंच आहे तर सगळा सेट एकदम बदलून घ्या.