लेस्ली ब्लांच : पूर्वेच्या ओढीतून घडलेली चरित्रकार

1954 साली लंडनमध्ये ‘द वाइल्डर शोअर्स ऑफ लव्ह’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या लेखिका लेस्ली ब्लांच पन्नाशीला पोचल्या होत्या आणि हे त्यांचे पहिलेच पुस्तक होते. युरोपातली चाकोरी सोडून पूर्वेकडे वळलेल्या चार स्त्रियांची चरित्रे त्यात होती. पुस्तक गाजले, अनेक भाषांत गेले आणि ब्लांच यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाची दिशाही त्यानेच ठरवली. त्यानंतर चरित्र आणि प्रवासवर्णन हे दोन प्रकार त्यांच्या हातून जवळजवळ कधीच वेगळे झाले नाहीत. माणूस कळायचा तर त्याला ज्या भूमीने ओढून घेतले ती भूमी आधी कळली पाहिजे, ही त्यांची धारणा होती आणि त्यांच्या लेखनाचे बळ व मर्यादा या दोन्ही गोष्टी तिच्यातूनच आल्या, असे मला वाटते.

ब्लांच यांचा जन्म 6 जून 1904 रोजी लंडनमध्ये झाला. त्यांनी स्लेड कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि सुरुवातीची काही वर्षे चित्रकार म्हणून काम केले. 1937 ते 1944 या काळात त्या ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या इंग्लंडमधील आवृत्तीत लेख विभागाच्या संपादक होत्या. पोशाख, दागिने, खोलीतली मांडणी यांवरून माणसाचा स्वभाव टिपण्याची जी सवय त्यांच्या चरित्रांत पानोपानी दिसते, तिचे मूळ चित्रकलेच्या शिक्षणात आणि या नोकरीत शोधावे लागते. रशियाचे वेड मात्र त्याहून जुने होते. लहानपणी घरी येणाऱ्या एका रशियन पाहुण्याने सायबेरियातून जाणाऱ्या रेल्वेच्या गोष्टी सांगून हे वेड लावले, असे त्यांनी 1968 साली प्रसिद्ध झालेल्या ‘जर्नी इंटू द माइंड्स आय’ या आत्मपर पुस्तकात लिहिले आहे. त्या पाहुण्याचे नाव न देता त्या त्याला फक्त ‘प्रवासी’ म्हणतात.

1945 मध्ये त्यांनी रोमँ गारी यांच्याशी विवाह केला. गारी हे रशियन साम्राज्यात जन्मलेले, युद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेले वैमानिक आणि पुढे फ्रान्सचे नामवंत कादंबरीकार. युद्धानंतर ते परराष्ट्र सेवेत शिरले आणि त्यांच्याबरोबर ब्लांच सोफिया, बर्न, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस असा मुक्काम हलवीत राहिल्या. पहिले पुस्तक याच भटक्या संसारात लिहून झाले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हा विवाह संपुष्टात आला.

पहिल्या पुस्तकातल्या चौघींपैकी इसाबेल बर्टन या आपल्या सर्वांत जवळच्या. त्यांचे पती, प्रवासी आणि भाषापंडित रिचर्ड बर्टन, 1842 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले, त्यांनी मराठीचीही परीक्षा दिली आणि 1851 मध्ये गोवा व निलगिरीवर पुस्तक लिहिले. 1876 मध्ये हे दांपत्य पुन्हा मुंबईला आणि गोव्याला येऊन गेले. दुसऱ्या जेन डिग्बी यांनी इंग्लंडमधले उमरावी आयुष्य मागे टाकून अखेर सीरियातल्या बदाऊनी या भटक्या अरब जमातीच्या एका शेखाशी लग्न केले आणि 1881 मध्ये दमास्कसलाच देह ठेवला. इझाबेल एबरहार्ट या पुरुषवेषात अल्जीरियाच्या वाळवंटात हिंडल्या आणि 1904 मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, अचानक आलेल्या पुरात मरण पावल्या.

चौथ्या चरित्राचे प्रकरण वेगळे आहे. मार्टिनिक बेटावरची एमे द्युबुक द रिव्हरी ही नेपोलियनच्या पत्नीची, जोसेफिनची, नातलग. समुद्रप्रवासात ती नाहीशी झाली, चाच्यांनी तिला पकडले, तिथून ती इस्तंबूलच्या जनानखान्यात पोचली आणि सुलतान दुसरा महमूद याची आई नक्षीदिल म्हणून नांदली, अशी कथा फार काळ सांगितली जात होती. ब्लांच यांनी ती खरी मानून रंगवली. परंतु महमूदचा जन्म 1785 चा आणि एमे नाहीशी झाली ती 1788 च्या सुमारास. एवढा एक हिशेब मांडला तरी कथा टिकत नाही, आणि इतिहासकार तिला दंतकथाच मानतात. बखर कुठे संपते आणि अस्सल कागद कुठे सुरू होतो, हे पाहण्याची शिस्त इतिहासाचार्य राजवाड्यांपासून आपल्याकडे रुजली. त्या कसोटीवर हे प्रकरण उतरत नाही, आणि ब्लांच यांच्याविषयी कितीही आदर असला तरी ते स्पष्ट सांगायला हवे.

1960 मध्ये आलेल्या ‘द सेबर्स ऑफ पॅराडाइज’ने मात्र त्यांची योग्यता निर्विवाद सिद्ध केली. विषय होता कॉकेशसमधल्या दागेस्तान आणि चेचन्याच्या डोंगरांत रशियन झारशी पंचवीस वर्षे झुंजलेला इमाम शामिल. 1839 मध्ये अखुल्गोच्या वेढ्यात कोंडी झाली असताना शामिलला आपला थोरला मुलगा जमालुद्दीन ओलीस द्यावा लागला. मुलगा पीटर्सबर्गच्या वातावरणात वाढला आणि झारच्या सैन्यात अधिकारी झाला. 1854 मध्ये शामिलच्या लोकांनी जॉर्जियातल्या त्सिनांदाली इथल्या वाड्यावर छापा घालून राजकन्या आना चावचावाद्झे, तिची बहीण वारवारा आणि मुलाबाळांना पळवून नेले. डोंगरातल्या त्या पळापळीत आनाच्या हातातली तान्ही मुलगी निसटून गेली आणि मेली. पुढच्या वर्षी मार्च महिन्यात जमालुद्दीन आणि चाळीस हजार रूबल यांच्या बदल्यात स्त्रियांची सुटका झाली. सोळा वर्षांनी बापाकडे परतलेला मुलगा आता मनाने रशियन झाला होता. डोंगरातले जिणे त्याला मानवले नाही आणि 1858 मध्ये क्षयाने त्याचा अंत झाला. पुढच्याच वर्षी शामिलने गुनिबला शस्त्र ठेवले. त्याला कालुगा या रशियन शहरात नजरकैदेत ठेवण्यात आले आणि 1871 मध्ये मदिनेत त्याचे निधन झाले. झारचा दरबार आणि शामिलचा डोंगरी गाव या दोन्ही ठिकाणी ब्लांच सारख्याच सहजतेने वावरतात. त्यामुळे जमालुद्दीनची शोकांतिका कुणा एका बाजूची कैफियत होत नाही.

या पुस्तकाचा ठसा अनपेक्षित ठिकाणी उमटला. फ्रँक हर्बर्ट यांच्या 1965 च्या ‘ड्यून’ या विज्ञान कादंबरीत ‘चाकोब्सा’ ही भाषा आणि रक्ताच्या वैरासाठी ‘कान्ली’ हा शब्द येतो. हे दोन्ही शब्द ब्लांच यांच्या कॉकेशसमधून तिथे गेले आहेत.

पुढे 1978 मध्ये इराणच्या राणी फराह यांचे चरित्र आले, पण 1979 च्या क्रांतीने ते राज्यच उलथले. 1983 मध्ये फ्रेंच लेखक आणि आरमारी अधिकारी पिएर लोती यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. हे लोती भारतप्रवासात वेरूळची लेणी पाहून गेले होते. दक्षिण फ्रान्समधल्या मेंतोन इथे ब्लांच यांनी उत्तरायुष्य काढले. 1994 मध्ये तिथल्या घराला आग लागून प्रवासात जमवलेला बराच संग्रह जळाला. 7 मे 2007 रोजी, वयाच्या 103 व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या लेखनाशी पहिली ओळख करून घेणाऱ्याने गाजलेल्या पहिल्या पुस्तकाऐवजी शामिलच्या चरित्रापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन.