‘फुटाला काय भाव?’ – बाथरूमचं काम काढण्याआधी

दिवसातून निदान चार फोन असे येतात. “बाथरूम करायचंय, पाच बाय सात. फुटाला काय भाव?” आम्ही विचारतो, कशाच्या फुटाला? पलीकडे जरा शांतता.

पाच बाय सातच्या बाथरूमची जमीन 35 चौरस फूट. भिंतींना सात फुटांपर्यंत लाद्या लावल्या तर दरवाजा सोडून आणखी सुमारे 150. वॉटरप्रूफिंग जमिनीला आणि भिंतीवर फूटभर चढवून करायचं, म्हणजे साधारण 56. बाथरूम एकच, आकडे तीन. कुणी 35 वर भाव सांगतो, कुणी 185 वर. मग दोन्ही भाव शेजारी ठेवले की आम्ही महाग ठरतो!

म्हणून फोनवर भाव सांगणं आम्ही बंद केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलात तरी उत्तर तेच.

सुरुवातीची काही वर्षं आम्हीही सांगायचो. मुलुंडला एका जुन्या इमारतीत फोनवर ठरलेल्या रकमेत काम घेतलं. लादी फोडली तर खाली दुसरी लादी. आधीच्या कुणीतरी जुनीवरच नवी चिकटवलेली. तिच्याखाली जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप, नखाने खरवडला तरी गंजाचे पापुद्रे निघत होते. डेब्रिजच्या, म्हणजे फोडलेल्या मालाच्या, गोणी दुप्पट, पाइप नवा, नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जिथून वाहून जातं तो भाग) नवा. वाढीव खर्च सांगितला तेव्हा घरमालक काका म्हणाले, “आता सगळं फोडून झाल्यावर सांगताय?” त्यांचं काय चुकलं? बराचसा खर्च पदरचा घालून काम पुरं केलं, तरी त्यांच्या ओळखीतून पुन्हा काम आलं नाही.

तेव्हापासून आधी घरी येतो. पाऊण तास लागतो. टेप लावतोच, पण जास्त वेळ जातो तो लाद्या वाजवण्यात. रुपयाचं नाणं लादीवर आपटत जायचं. पक्की लादी टणटण वाजते, पोकळ असली की आवाज बसका येतो. हे आम्ही तुमच्याच हातून करून घेतो, कारण तो आवाज एकदा कानांनी ऐकला की ‘नुसते सांधे भरून द्या’ हा आग्रह आपोआप थांबतो. उंबऱ्याची उंची बघितली की खाली लादीवर लादी आहे का, याचाही अंदाज येतो.

मग दुसऱ्या दिवशी एक कागद येतो, त्यावर किंमत नसते. काय फोडणार, कुठपर्यंत फोडणार, डेब्रिज कोण उतरवणार (लिफ्ट नसेल तर ही बाब छोटी नाही), कुठले पाइप बदलणार, लाद्या कुणी आणायच्या, गिझरचा पॉइंट यात आहे की नाही. काहीजण वैतागतात, “अहो, आकडा सांगा ना आधी!” पण ‘हे यातच होतं ना?’ हा प्रश्न काम अर्ध्यावर असताना निघाला की मिस्त्री आणि बिगारी दिवसभर बसून राहतात, आणि तुम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाता. कागद वाचून तुम्ही हो म्हणालात की त्याच दिवशी बाबवार रक्कम देतो.

त्या कागदावर एक ओळ सगळ्यांना खटकते: ‘पाणी भरून 48 तास’. वॉटरप्रूफिंग वाळलं की ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर इंचभर पाणी साठवतो. 35 फुटांत ते जेमतेम 80 लिटर होतं, चार-पाच बादल्या. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. ओल दिसली तर त्या वेळी दुरुस्ती सोपी असते. लाद्या बसल्यावर दिसली तर त्या पुन्हा फोडाव्या लागतात. एकच बाथरूम असलेल्या घरात हे दोन दिवस जड जातात, मान्य आहे. तरी ही ओळ आम्ही कुणासाठीही खोडत नाही.

भेटीचे 500 रुपये घेतो, काम आम्हाला दिलंत तर बिलातून वजा. नाही दिलंत तरी कागद तुमचाच. तो खुशाल दुसऱ्यांना दाखवा आणि त्याच बाबींचा भाव मागा. आमच्यापेक्षा कमी आला तर त्यांना काम द्या, फक्त पाणी किती तास ठेवणार ते लिहून घ्या.

सोसायटीची परवानगी आणि डिपॉझिट तुम्ही बघायचं. तोडफोडीच्या वेळा सेक्रेटरींकडून आधीच विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी दुपारी आवाज चालत नाही.

आम्ही येणार त्या दिवशी शक्यतो सकाळपासून बाथरूम कोरडं ठेवा. ओल्या जमिनीवर ओल कुठून येते ते कळत नाही. आणि खालच्या मजल्यावरच्यांना सांगून ठेवा, पाच मिनिटं त्यांचं छत बघायला लागेल.