बिडाचा तवा की पत्र्याचा?

नॉनस्टिकचा थर निघायला लागला की बरेच जण दुकानात जाऊन "लोखंडी तवा द्या" म्हणतात. समोर दोन काळे तवे येतात, एक जाडजूड आणि एक पातळ. दुकानदाराच्या लेखी दोन्ही लोखंडीच. घरी आणल्यावर मात्र एकावर घावन चिकटतं आणि दुसऱ्यावर पोळी करपते.

जाड तो बिडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते पोलादापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळतं आणि वाळूच्या साच्यात सहज ओतता येतं. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत इंजिनांचे आणि मोटारींचे भाग ओततात ते याच जातीच्या लोखंडाचे. कार्बनमुळेच ते ठिसूळही असतं. बिडाचा तवा फरशीवर आपटला तर तडा जातो, आणि तडा गेलेला तवा मोडीतच घालावा लागतो. पातळ तवा पत्र्याचा, म्हणजे सौम्य पोलादाचा. यात कार्बन फार थोडा, साधारण ०.३ टक्क्यांच्या आत. रस्त्याकडेला भाता लावून घिसाडी घडवतात तो हाच. पडला तर पोचा येतो, ठोकला की निघतो.

दुकानात मूठ बघा. बिडाच्या तव्याची मूठ किंवा कान बहुधा तव्यासकट एकसंध ओतलेले असतात, तर पत्र्याच्या तव्याला मूठ रिव्हेटने किंवा वेल्डिंगने जोडलेली असते. पाठीवरून बोट फिरवलं तर बिडावर वाळूचा बारीक खरखरीतपणा लागतो. टिचकी मारली की पत्रा खणखणतो, बिडाचा आवाज बसका येतो.

आता मुख्य मुद्दा, आचेचा. बिडाचा तवा तापायला वेळ घेतो, पण वजनदार असल्याने उष्णता धरून ठेवतो. गार पीठ ओतलं तरी त्याचं तापमान फारसं पडत नाही, म्हणून घावनाला जाळी पडते, डोसा सुटून येतो, थालीपीठ कडेपर्यंत खमंग होतं. पोळीला हाच गुण आड येतो. गॅस बारीक केला तरी बिडाचा तवा लगेच निवत नाही, आणि चौथी-पाचवी पोळी करपायला लागते. पत्र्याचा तवा आचेबरोबर चालतो. मोठी केली की तापतो, कमी केली की उतरतो, आणि रोज वीस पोळ्या लाटणाऱ्या मनगटाला हलका पडतो. घरात रोज पोळ्या होत असतील आणि एकच तवा घेण्याइतके पैसे असतील, तर माझ्या मते बेलाशक जाड पत्र्याचा घ्यावा. तो बिडापेक्षा बराच स्वस्तही मिळतो. फार पातळ घेऊ नका, वाकतो आणि मधोमध जाळतो. बिडाचा पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल.

दोन्ही नवे तवे एकाच पद्धतीने तयार करायचे. गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल गरम पाण्याने आणि साबणाने घासून काढा, तवा गॅसवर पूर्ण कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा. असं तीन-चार वेळा केलं की तेलाचाच कडक, काळसर थर बसतो. जास्त तेल ओतलं तर तो थर चिकट होतो, म्हणून हात आखडता ठेवा. पहिले काही दिवस भरपूर तेलाचं थालीपीठ किंवा परतलेला कांदा करावा. चिंच, कोकम, टोमॅटो टाळा. आंबटाने थर निघतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते.

इंडक्शनवर दोन्ही चालतात, फक्त बूड सपाट हवं. खोलगट तव्याचं बूड शेगडीला नीट टेकत नाही. बिडाचा तवा एकदम मोठ्या आचेवर ठेवू नका, आणि तापलेला असताना नळाखाली तर मुळीच धरू नका, तडकतो.