शेवटचा पट्टा कोणत्या रंगाचा?

अमेरिका आणि मलेशिया यांचे झेंडे लांबून पाहिले तर हमखास गल्लत होते. दोन्हींवर लाल-पांढरे आडवे पट्टे, दोन्हींच्या कोपऱ्यात निळा चौकोन. मलेशियाची पिवळी चंद्रकोर दिसली तर प्रश्नच मिटला. पण वारा पडलेला असेल आणि कोपरा घडीत दडला असेल, तर सगळ्यात खालचा पट्टा बघायचा. लाल असेल तर अमेरिका, पांढरा असेल तर मलेशिया. दोघांची सुरुवात लालनेच होते, पण एकाचे पट्टे १३ आणि दुसऱ्याचे १४.

देश वाढला की झेंड्याचं काय करायचं, याचं उत्तर मात्र दोघांनी वेगवेगळं दिलं. (आपल्या तिरंग्याला ही डोकेदुखी नाही. अशोकचक्राचे २४ आरे राज्यं मोजत नाहीत.)

अमेरिकेने पट्टे वाढवूनही पाहिले. १७७७ मध्ये १३ राज्यं, म्हणून १३ तारे आणि १३ पट्टे. व्हरमाँट, केंटकी आल्यावर १७९५ पासून दोन्ही १५. पुढे टेनेसी, ओहायो, लुइझियाना अशी रांगच लागली. प्रत्येकाला पट्टा द्यायचा तर पट्ट्यांच्या नाड्या झाल्या असत्या! शेवटी १८१८ च्या कायद्याने पट्टे परत १३ वर आणले, ते कायमचे. नव्या राज्याला फक्त तारा, तोही लगेच नाही, पुढच्या ४ जुलैला. त्यामुळे हवाई राज्य झालं ऑगस्ट १९५९ मध्ये, पण त्याचा पन्नासावा तारा झेंड्यावर आला ४ जुलै १९६० ला. आपला महाराष्ट्र तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा. त्याआधी अलास्कासाठी केलेला ४९ ताऱ्यांचा झेंडा, सात ओळींत सात-सात, एक वर्षच चालला. पन्नासासाठी मग सहा-पाच, सहा-पाच अशा नऊ ओळी बसवल्या.

मलेशियात पट्टेही वाढले आणि चंद्रकोरीशेजारच्या ताऱ्याची टोकंही. मलाया म्हणजे मलेशियाचं आधीचं रूप; त्याची ११ राज्यं होती तोवर दोन्ही ११. १९६३ मध्ये सिंगापूर, साबा आणि सारावाक सामील झाले, दोन्ही १४ झाली. दोनच वर्षांत सिंगापूर वेगळं झालं, पण झेंड्याला कुणी कात्री लावली नाही. आज चौदावा पट्टा केंद्र सरकारचा मानतात. मला ही युक्ती अमेरिकेच्या कायद्यापेक्षा जास्त आवडते. शिवण न उसवता नुसता अर्थ बदलला.