कोनशिलेवरचं ५८९३ साल

फ्रीमेसन या बंधुत्व-संघटनेच्या लॉजच्या, म्हणजे शाखेच्या इमारतीच्या, कोनशिलेवर ५८९३ साल कोरलंय, म्हणजे ही संस्था सहा हजार वर्षं जुनी आहे आणि तिच्या नोंदी कुणालाच पाहता येत नाहीत, असा एक दावा फोटोसकट फिरत असतो.

आकडा खोटा असेलच असं नाही. फक्त तो इसवी सन नव्हे. मेसन मंडळींची 'अ‍ॅनो ल्युसिस' नावाची कालगणना विश्वाची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००० मध्ये झाली असं धरते. फोटो मोठा करून आकड्याजवळ 'ए. एल.' ही तिची आद्याक्षरं शोधा. मग आकड्यातून ४००० वजा करा: १८९३. पुष्कळदा शेजारी इसवी सनही कोरलेला असतो, पण फोटो कापताना तो गळतो!

आता नोंदी. मेसन मंडळींची नियमावली लंडनमध्ये १७२३ सालीच छापली गेली. ब्रिटनमधल्या १७९९ च्या कायद्याने लॉजना सभासदांची नावं, पत्ते आणि व्यवसाय यांची यादी दरवर्षी सरकारदरबारी द्यावी लागे. ही तरतूद १९६७ पर्यंत टिकली. त्यातल्या बऱ्याच याद्या आज तिथल्या जिल्हा अभिलेखागारांत आहेत आणि कुणीही मागून पाहू शकतो. सभासद एकमेकांना ओळखण्याच्या खुणा मात्र खरोखरच गुप्त ठेवत.