फुप्फुस धमनी आणि फुप्फुस शिरा: घोळ नेमका कुठे होतो

हृदयाच्या आकृतीत रंग भरायला दिले की मुलं हटकून एकाच जागी अडतात. धमनी लाल, शिरा निळी, हे घोकून झालेलं असतं. फुप्फुस धमनीपाशी आल्यावर मात्र रंगीत पेन्सिल थांबते. नाव धमनीचं, पण आतलं रक्त ऑक्सिजन कमी झालेलं. काही जण नावावर विश्वास ठेवून तिला लाल करतात. त्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्या हाती नियमच चुकीचा दिलेला असतो.

खरा नियम रंगाचा नाहीच. हृदयातून रक्त घेऊन निघते ती धमनी, हृदयाकडे रक्त घेऊन येते ती शिरा. उजव्या निलयातून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, निघून दोन फाट्यांनी दोन्ही फुप्फुसांकडे जाते ती फुप्फुस धमनी. तिथे रक्त कार्बन डायऑक्साइड सोडतं, ऑक्सिजन घेतं आणि बहुतेकांच्या शरीरात चार फुप्फुस शिरांवाटे डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, परत येतं. पुढे डावं निलय, महाधमनी आणि सगळं शरीर. बाकी शरीरात धमनीतलं रक्त लालभडक आणि शिरेतलं काळपट असतं. फुप्फुसाच्या या छोट्या फेरीत ते बरोबर उलट होतं, कारण इथे रक्त ऑक्सिजन द्यायला नाही, घ्यायला निघालेलं असतं.

या घोळात आपल्या भाषेचाही वाटा आहे. जुन्या मराठी पुस्तकांत धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणत. रोहिणी म्हणजे लाल, नीला म्हणजे निळी. रंग नावातच बसलेला. मग ‘फुप्फुस रोहिणी’ म्हणताच ती लाल नसते हे सांगत बसावं लागे. त्या मानाने आजचे शब्द मला फार चांगले वाटतात. चरकसंहितेत धमनी हे नाव धमधमण्यावरून आणि सिरा हे सरकण्यावरून दिलं आहे. तिथलं शरीरशास्त्र आजचं नव्हे, पण नाव वाहिनीच्या चालीवरून ठेवायचं ही दृष्टी किती नेमकी! युरोपातही वैद्य कित्येक शतकं इथेच अडखळले होते. ते फुप्फुस धमनीला ‘धमनीसारखी शिरा’ आणि फुप्फुस शिरेला ‘शिरेसारखी धमनी’ म्हणत. 1628 मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरणावरचा ग्रंथ छापला, तेव्हाही हीच नावं चालू होती.

हा फरक बोटांनी कळतो, म्हणून मी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं अख्खं दिल आणते. ‘दादा, वरच्या नळ्या छाटू नका’ असं आधी सांगावं लागतं. ताटात ठेवलं की फुप्फुस धमनीचं तोंड बऱ्यापैकी उघडं राहतं, भिंत चिवट लागते. शिरांच्या भिंती पातळ असल्याने त्या चिकटून बसतात, बोटाने चाचपून शोधाव्या लागतात. मग धमनीत वरून हळूच पाणी ओतायचं. तिच्या मुळाशी तीन छोट्या खिशांसारखी झडप असते. खिसे पाण्याने फुगतात, एकमेकांना भिडतात आणि पाणी वरच अडतं. फुप्फुस शिरांच्या तोंडाशी अशी झडप नाही. तिथून ओतलेलं पाणी सरळ डाव्या अलिंदात उतरतं. हे एकदा पाहिलेली मुलं पुन्हा चुकत नाहीत.

त्याच दिलाचं डावं निलय कापलं तर भिंत जाडजूड, उजव्याची पातळ. माणसातही तसंच असतं. दोन्ही बाजूंना मिनिटाला रक्त सारखंच, साधारण 5 लिटर, पण डाव्या निलयाला पाऱ्याच्या 120 मिलिमीटरच्या आसपास दाब द्यावा लागतो, उजव्याला 25 पुरतात. फुप्फुसं शेजारीच आहेत आणि तिथल्या वाहिन्या फारसा अडथळा करत नाहीत.

‘अशुद्ध रक्त’ हा शब्द मात्र सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. फुप्फुस धमनीतल्या रक्तात, माणूस स्वस्थ बसलेला असताना, हिमोग्लोबिनच्या क्षमतेच्या 70 ते 75 टक्के ऑक्सिजन उरलेला असतो. ते घाण नसतं आणि निळंही नसतं. रक्त तपासायला दंडावर पट्टा बांधून सुई टोचतात, ती शिरेत. नळीत उतरतं ते गडद, जांभळाच्या रसाकडे झुकणारं लाल.

दिशेचा हा नियम खरा कसाला लागतो तो बाळाच्या नाळेत. तिथे सहसा दोन धमन्या आणि एक शीर असते. बाळाचं हृदय धमन्यांतून काळपट रक्त वारेकडे, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते त्या गर्भाशयातल्या अवयवाकडे, ढकलतं आणि शिरेतून ऑक्सिजन घेतलेलं रक्त बाळाकडे येतं. पोटात असताना फुप्फुसांचं काम वार करत असते. जन्मानंतर पहिला श्वास घेतला, नाळ कापली, की तेच काम फुप्फुस धमनी आणि फुप्फुस शिरा यांच्याकडे येतं.